दाजींनी दाखवलेली भिंत

११ नोव्हेंबर रोजी माझ्या थोरल्या बहिणीने मुदत ठेव मोडून खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी घेतली. किंमत बसवण्याच्या खर्चासह एक लाख अठ्ठावीस हजार चारशे. लांबी पाच फूट, पाणी पाचशे लिटर. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं.

टाकी दाजींसाठी होती. दाजी म्हणजे ताईचे यजमान, चौतीस वर्षं इमारतींच्या कामावर ओव्हरसियर. भिंत अर्धं सूत कलली तरी पाडायला लावत, म्हणून गवंड्यांनी त्यांचं नाव ओळंबा ठेवलं होतं. घरी मात्र ताई बोलायची आणि ते हसायचे.

तीन वर्षांपूर्वी विसरण्याचा आजार सुरू झाला. आठवणीतून आधी वस्तू गेल्या, मग माणसं. गेल्या वर्षी ताईही गेली. "मला घरी जायचंय" म्हणत ते घरातूनच बाहेर पडत. दोनदा पोलिसांनी आणून सोडलं. तेव्हापासून ताई दाराशी खाट टाकून झोपत असे. डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, आता यांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवा. त्याच दिवशी दवाखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीसमोर दाजी दीड तास जागचे हलले नाहीत. ताईने संस्थेचा फॉर्म पर्समध्ये कोंबला आणि बँक गाठली.

"गोड्या पाण्याची घे, निम्म्यात येईल," मी म्हटलं.

"दुकानात दाखवले ते मासे. यांनी ढुंकूनही पाहिलं नाही."

आता टाकी ठेवायची कुठे, हा प्रश्न होता. ताईला ती खिडकीशी हवी होती, दाजींच्या खुर्चीसमोर. टाकीवाल्याने मान हलवली.

"ऊन लागलं की शेवाळ धरेल. शिवाय काच, दगड, स्टँड धरून वजन सातशे किलोच्या वर जाणार. इथे ठेवली तर मासे खालच्यांकडे जेवायला जातील."

"स्वयंपाकघराच्या भिंतीला?"

"तिथे धग लागते."

"मग आतल्या खोलीत."

"ती आत गेली तर तुम्हाला बाहेर यावं लागेल, ताई."

एवढ्यात दाजी खुर्चीतून उठले. बोटाच्या पेराने भिंत वाजवत वाजवत दारापर्यंत आले. तिथे थांबून छताकडे पाहिलं.

"टेप," ते म्हणाले. हा आवाज मी तीन वर्षांत ऐकला नव्हता. टाकीवाल्याने मुकाट्याने टेप काढून दिली.

"या दोन खांबांमधून बीम गेलाय, वर तसाच खाली. भार त्याच्यावर घे, स्लॅबच्या पोटावर नको. मागे चार बोटं जागा सोड, नळीला. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेव, म्हणजे पाणी ओघळलं तरी जमिनीवर पडेल. आणि लेव्हल आधी बघतात, नंतर नाही. कोणी शिकवलं तुला?"

"तुमच्यासारखं कोणी भेटलंच नाही, साहेब."

ताईने माझा दंड घट्ट धरला. "पाहिलंस? आले हे," ती हळूच म्हणाली.

त्या भिंतीशी तिची खाट होती. दाजींनी ती पायाने हलवून पाहिली. "दारात राखणदार झोपतो का?"

"झोपतो," ताई म्हणाली.

"पगार देता?"

"नाही हो."

"मग पळेल एक दिवस. हलवा ही."

आम्ही सगळे हसलो. खाट आत नेली. ताईने चहा केला. दाजींनी तो उभ्यानेच घेतला आणि कप तिच्या हातात दिला.

"बाई, माझं काम झालं. निघतो. घरी बायको जेवायची थांबली असेल."

ताई कप धरून उभी राहिली. मग तिने विचारलं, "कशी आहे हो तुमची बायको?"

"चांगली आहे. तोंडाची जरा फटकळ. पण मी गेल्याशिवाय घास घेत नाही." ते चपला शोधू लागले. "तपासणीचे दीडशे झाले. ते द्या, म्हणजे मी मोकळा. हिशेब मिटल्याशिवाय मी साइट सोडत नाही."

कोणाची बाकी ठेवायची मला सवय नाही. मी पाकीट काढून दोन नोटा पुढे केल्या. ताईने माझं मनगट पकडून हात खाली दाबला.

"सुटे नाहीत, साहेब," ती म्हणाली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना 'अहो'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती. "उद्या देते. तोवर हा टाकीवाला काम नीट करतो का, ते बघा."

"उद्या नक्की?"

"नक्की."

दाजींनी पायातली चप्पल काढली आणि खुर्ची ओढून त्या भिंतीसमोर बसले.

खारं पाणी तयार व्हायला पाच आठवडे लागले. मासे त्यानंतर आले. दाजी दिवसभर तिथेच असतात, बाहेर जात नाहीत. फॉर्म ताईने फाडून टाकला. ती त्यांना साहेबच म्हणते. ताट खुर्चीपाशी नेऊन देते. ते अर्धंच खातात, कारण त्यांना घरी जाऊन जेवायचं असतं. उरलेलं अर्धं ती ओट्याशी उभी राहून खाते.

संध्याकाळी ते पैशांचं विचारतात. ती उद्याचं सांगते.

तपासणीचे दीडशे अजून द्यायचे आहेत.