कॉर्कमधल्या एका क्रॉसिंगसाठी दारोदार

आमच्या वसाहतीसमोरच्या रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंग होईपर्यंत चहा घेणार नाही, असा मी नवस बोलले होते. अजूनही घेत नाही.

झालं असं, की माझी ईरा शाळेतून येताना रस्ता ओलांडत होती आणि उतारावरून आलेली एक गाडी तिच्या दप्तराला घासून गेली. पोरीला ओरखडाही आला नाही. मी मात्र त्याच संध्याकाळी देवापुढे बसले आणि चहा सोडला. मी चहाशिवाय डोळे न उघडणारी बाई, हे गणपतीला माहीत आहे!

सुहास, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "अगं, क्रॉसिंग कौन्सिल देतं. गणपती काय कौन्सिलर आहे का?"

मी म्हटलं, "तो नाही. पण कुणीतरी असेलच ना!"

असा मी निवडणुकीचा उंबरा ओलांडला. आयरिश कायद्यात कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, निवडणुकीला नागरिकत्व लागत नाही. इथे राहणाऱ्या कुणालाही मत आहे, फक्त नाव नोंदवायचं. मी वर्षभर लोकांच्या दारात उभी राहून हेच सांगत होते. दारात उभं राहिलं की किस्से आपोआप पदरात पडतात, झटकले तरी जात नाहीत. भिशीला सांगते तेव्हा मैत्रिणी खो-खो हसतात. मला मात्र सांगताना दर वेळी संताप येतो. तुम्ही खुशाल हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

*

पहिल्यांदा मी आमच्या मराठी ग्रुपवर मेसेज टाकला : "आपल्या सगळ्यांना इथे मत आहे. नाव नोंदवा."

दोन मिनिटांत एका सद्गृहस्थांचं उत्तर आलं, "ताई, फॉरवर्ड करण्याआधी फॅक्ट चेक करत जा, प्लीज." हे गृहस्थ कॉर्कमध्ये घर घेऊन मुरलेले! मी कौन्सिलच्या साइटची लिंक पाठवली. त्यावर त्यांचा अंगठा आला. बाकी कुणीच काही नाही.

त्याच संध्याकाळी गुढीपाडव्याच्या जेवणाचा पोल निघाला, श्रीखंड की बासुंदी? झाडून सगळ्यांनी मतं दिली! दोघे जण तर सुट्टीवर पुण्यात होते, जेवायला येणारही नव्हते. तरी त्यांनी बासुंदीला मत दिलं.

*

आमच्या बाजूने निवडणुकीला उभी होती ब्रीज. शाळेच्या लायब्ररीतून रिटायर झालेली, कुठल्याच पक्षाची नाही, पायात कायम चिखलाचे बूट. क्रॉसिंग हा तिचा पहिला मुद्दा. पत्रकं वाटायला मी तिच्याबरोबर जायला लागले.

एकदा मी तिला विचारलं, "इतकी वर्षं आमचे अर्ज गेले, मग क्रॉसिंग झालं का नाही?"

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "खरं सांगू? मी तुमच्या वसाहतीत फिरणार म्हटल्यावर तिथला जुना कौन्सिलर मला म्हणाला, 'बूट कशाला झिजवतेस? तिथे माणसं खूप राहतात, मतदार कुणी राहत नाही.'"

माझ्या हातातली पत्रकं चुरगळली. राग त्याचा आलाच. पण त्याहून जास्त याचा आला, की त्याचं म्हणणं खरं होतं!

*

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून पेन दिलं आणि सोबत नावनोंदणीचा फॉर्म. तिळगूळ घ्या, फॉर्म भरा! बायका खूश. हसतखेळत तिथेच भरले. एकीने मात्र फॉर्म पर्समध्ये टाकला. "ह्यांना विचारून सांगते हं."

चार दिवसांनी मी फोन केला.

"हे म्हणाले, घरातल्या एकाचं मत पुरे आहे."

"बरं. मग ते देणार ना?"

"छे! त्यांचं त्या आठवड्यात ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे."

मी फोन ठेवला आणि मोठ्याने रामरक्षा म्हणायला घेतली. इतक्या मोठ्याने, की ईरा वरून ओरडली, "मम, आर यू ओके?"

*

आता आपल्या माणसांच्या दारांचं ऐका. तिथली बेल दाबली की पडदा हलतो, मग आतली चप्पल वाजते, मग सगळं शांत! एका दारात मात्र एक तरुण इंजिनिअर उभा राहिला. दार अर्धंच उघडलेलं.

"काकू, माझा नागरिकत्वाचा अर्ज चालू आहे. आत्ता हे राजकारण नको."

"अरे, मत देणं कायदेशीर आहे."

"हो, पण रेकॉर्डवर येतं ना!"

"चांगलंच आहे की. मतदान करतो, असं येईल."

"तेच म्हणतोय मी. उगाच कशाला नजरेत यायचं?"

आणि दार लागलं. गेटपाशी येईपर्यंत मी पुटपुटत होते. ईरा सोबत होती, ती म्हणाली, "मम, युअर मॅन इज जस्ट स्केअर्ड." इथल्या बोलीत 'युअर मॅन' म्हणजे नुसता 'तो माणूस'. पोरीला कळलं. मला मात्र अजून पटत नाही. नजरेत यायचं नाही, म्हणून तर गाडीवाल्यांनाही आपण दिसत नाही!

*

त्याच गल्लीच्या टोकाला मिस्टर डोनल राहतात. एकटे, ऐंशीच्या घरातले, गुडघ्यांनी बेजार. त्यांनी दार सताड उघडलं आणि आधी विचारलं, "चहा घेणार ना?"

"नको, थँक्यू."

"घ्या हो, अर्धा कप."

"नको, खरंच."

इथे दोनदा 'नको' म्हटलं तरी तिसऱ्यांदा विचारतातच, अगदी आपल्याकडच्या आग्रहासारखं. तिसऱ्यांदाही 'नको' म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग मी नवसाचं सांगितलं. आता हसणार, म्हणून मनाची तयारी ठेवली होती. आपल्या ग्रुपवर हे कळल्यावर हसण्याच्या स्मायलींचा पाऊस पडला होता ना!

डोनल हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली. "मुलाच्या ऑपरेशनच्या वेळी मी दारू सोडली. मुलगा बरा झाला. पुढे घ्यायला हरकत नव्हती, पण घेतली नाही." मग म्हणाले, "तुमचं मत कुणाला? ब्रीजला? ग्रँड, छान! माझंही लिहून घ्या. माझ्या बहिणीचंही. ती तुमच्या त्या ब्रीजला शिव्या घालते, पण मत मी म्हणेन तिथे देते!"

*

मतदानाच्या दिवशी मात्र घात झाला. ऊन पडलं!

कॉर्कमध्ये आठवडाभर पाऊस आणि नेमकं त्या दिवशी लख्ख ऊन. मी सकाळपासून फोन लावतेय, तर ग्रुपवर समुद्रावरचे फोटो. रस्त्यावरच्या गाड्यांच्या वेगावर दर आठवड्याला ग्रुपवर निबंध लिहिणारे आमचे डॉक्टर निखिल सहकुटुंब वाळूत बसून कणसं भाजत होते. मी विचारलं, "मत?" ते म्हणाले, "ताई, असं ऊन परत कधी पडायचं?"

निवडणूक पाच वर्षांनी येते, डॉक्टर! पण असं तोंडावर बोलायची मला सवय नाही. मी म्हटलं, "कणसाला मीठ-लिंबू लावा," आणि फोन ठेवला.

सुहास ऑफिसमधून आला आणि लगेच मत देऊन आला. मला काय आनंद झाला! शिरा करायला घेतला.

"ब्रीजला कोणता नंबर दिलास?" इथे एकच शिक्का मारायचा नसतो. सगळ्यात आवडत्या उमेदवाराला एक नंबर, मग दोन, मग तीन, असे क्रम लिहायचे असतात.

"तिला सगळ्यात जास्त," तो अभिमानाने म्हणाला. "दहापैकी दहा! आणि तुझ्या त्या जुन्या कौन्सिलरला दिला एक. नापास!"

मी गॅस बंद केला. शाळेपासून ऑफिसपर्यंत रेटिंगमध्ये आयुष्य गेलेला माणूस! तुम्हीच सांगा, मी काय करायचं? शिरा मी शेजारी नेऊन दिला.

*

संध्याकाळी डॉक्टर निखिल यांच्या आई, कुमुदकाकू, काठी टेकत माझ्या दारात आल्या. नागपूरच्या. इथे मुलाकडेच राहतात. ऊन बाधतं म्हणून समुद्रावर गेल्या नव्हत्या. त्यांचं नाव हळदीकुंकवाला मीच नोंदवलं होतं.

"चाल वो, मले मत द्याले ने. पोरगा म्हन्ते, तुले काय कळते. मले रस्ता कळते ना! मी दोन वर्ष झाले, देवळात गेली नाही. त्या रस्त्याचं भेव वाटते."

त्यांचा हात धरून मी तो रस्ता ओलांडला. दोन गाड्यांनी हॉर्न मारले. शाळेतल्या केंद्रावर काकूंनी कागद घेतला, आडोशाला गेल्या, बराच वेळ लावला. पेटीत कागद टाकला आणि तिथल्या बाईंपुढे बोट धरलं. "शाई काहून नाही लावत?" मी समजावलं, तेव्हा खट्टू झाल्या. "मंग कोनाले समजन का मी आली होती?"

दुसऱ्या दिवशी मोजणी. मोठा हॉल, टेबलं, मधे कठडा. कठड्याच्या अलीकडे उमेदवारांची माणसं वाकून उभी, त्यांत मी. आमच्या शाळेची पेटी उघडली. ब्रीजला बरी मतं होती. तेवढ्यात एक कागद बाजूला काढला गेला. संशयास्पद.

मोजणीच्या मुख्य साहेबांनी दोन्ही बाजूंच्या माणसांना बोलावलं. ब्रीजच्या नावापुढे स्वच्छ 'एक' होता. पण कागदाच्या अगदी वर, मधोमध, थरथरत्या हाताने लिहिलेलं होतं, 'श्री'.

"हे काय? कुणाचं नाव आहे?" साहेबांनी मला विचारलं. मतदार ओळखू येईल अशी खूण कागदावर असली, की मत बाद.

"नाव नाही. आमच्यात कुठलंही चांगलं काम सुरू करताना कागदावर वर हे लिहितात. देवाची आठवण."

साहेबांचा चेहरा निवळला. "माझी आजी पत्राच्या वर छोटा क्रॉस काढायची. म्हणजे तुमच्यातलं कुणीही हे लिहील?"

"कुणीही."

"मग यावरून कोण ते कळत नाही. मत धरायला हरकत नाही."

जुन्या कौन्सिलरचा माणूस पुढे झाला. "थांबा. या पेटीत यांची माणसं तरी किती? विचारा यांना."

कितीतरी नावं मी नोंदवली होती, आणि फोन करून करून कोण गेलं, कोण नाही, हे मला पाठ होतं. त्यांतले या शाळेत मत द्यायला आले होते फक्त तिघे : सुहास, मी आणि कुमुदकाकू. सुहासने लग्नपत्रिकेवरसुद्धा 'श्री' नको म्हणून वाद घातला होता.

साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, हे कुणी लिहिलं, ते तुम्हाला सांगता येईल का?"

ब्रीज माझ्याकडे बघत होती.

मी खोटं बोलत नाही.

"हो," म्हटलं.

कागद बाद गठ्ठ्यात गेला. ब्रीजने नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिसऱ्या दिवसापर्यंत मोजणी चालली आणि आमच्या वॉर्डातल्या अनेक जागांपैकी शेवटची जागा जुन्या कौन्सिलरने घेतली. जितक्या मतांनी ब्रीज मागे राहिली, त्याहून जास्त माणसं आमच्या गणपतीच्या एका आरतीला प्रसादाच्या रांगेत असतात.

कुमुदकाकूंनी फोनवर विचारलं, "माहं मत पोचलं का वो?"

मी म्हटलं, "पोचलं काकू. सगळ्यांनी पाहिलं."

तेव्हा माझं एवढं ऐका. पुढच्या निवडणुकीला काकूंसारखे तुम्हीही जा. ऊन असो, रिलीज असो, शेजारणीला हाताला धरून न्या. इतके जण जा, की पेटीतून तसला कागद पुन्हा निघाला आणि साहेबांनी मला विचारलं, "हा कुणाचा?", तर मला खरंच सांगता येऊ नये.