स्लॅबखालचा माणूस

स्लॅब टाकताना सगळे वर असतात. खाली एकच माणूस असतो, हातोडी घेऊन. टेकूला लावलेल्या लाकडी बल्ल्यांमधून तो फिरत राहतो, एकेक ठोकून आवाज ऐकतो, पाचर सैल झाली की घट्ट करतो. आमच्यात हे काम माझ्या मोठ्या भावाचं. भातकुलीपासून मोर्शीपर्यंत आम्ही दोघांनी सेंट्रिंग बांधलं, पण स्लॅब पुरा होईस्तोवर दादा कधी खालून हलला नाही. वर जिलेबी वाटली जायची आणि खालच्या माणसाचा वाटा पुडीत बाजूला ठेवायचा, अशी आमच्या टोळीची रीतच होती.

मग नांदगाव पेठेला एका कारखान्याच्या कामावर लोखंडी गर्डर आणि नालीदार पत्रा आला. गर्डरवर पत्रा अंथरायचा, त्यातून टोपीवाले स्टड, म्हणजे लोखंडी खुंट्या, गर्डरला वेल्ड करायचे आणि वर काँक्रीट ओतायचं. काँक्रीट पक्कं झालं की ते आणि लोखंड एकजीव. पत्रा कायमचा तिथंच. बल्ली नको, फळी नको, खालचा माणूस तर नकोच. मी स्टडचं वेल्डिंग शिकून घेतलं. दादा म्हणाला, "तू शीक. टेकूबिगर छत! हे काय नाटक लावलं लेकहो?"

त्याच्या बल्ल्या त्याच्या अंगणात पडून राहिल्या. वहिनी त्यांच्यावर चादरी वाळत घालायची.

"दादा, चुलीले कामी येतील आता," मी चिडवलं.

"तुह्या चुलीले नेजो," तो म्हणाला आणि घरात निघून गेला.

स्लॅबच्या दिवशी तो न बोलावता आला. इंजिनिअर मॅडमनी सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं: ओलं काँक्रीट पक्कं होईपर्यंत सगळं वजन एकट्या पत्र्यावर आहे, एका जागी ढीग करायचा नाही, खाली चिटपाखरू नको. त्यासाठी लाल पट्टीही बांधली होती. दादा ती उचलून आत गेला.

मी वरून ओरडलो, "दादा, बाहीर हो! काय काम हाये तुह्यं तिथं?"

"स्लॅब टाकून राहिले अन् खाली कोनीच नाही? असं असते का कुठी?"

मी शिडीकडे धावलो. तेवढ्यात आमच्या टोळीनं जन्मभर केलं तेच केलं. आधी भला मोठा ढीग टाकायचा, मग फावड्यानं ओढायचा. बल्ल्या असल्या की ते खपून जातं. पंपाचा पाइप त्यांनी एका जागी धरून ठेवला. मॅडम किंचाळल्या. पत्रा मधोमध मुडपला आणि सगळा ढीग खाली गेला.

आम्ही हातांनी उपसलं. ठोकायला तिथं एकही बल्ली नव्हती, तरी हातोडी त्याच्या मुठीत होती. अमरावतीच्या दवाखान्यात नेलं, पण ते नेण्यापुरतंच.

"काहून गेले ते खाली?" वहिनी विचारत राहिली. "कोनं बलावलं होतं त्याइले?"

लोक म्हणतात, अडाणी होता, जुनं सोडलं नाही. म्हणणाऱ्याचं थोबाड फोडावंसं वाटतं. काम वाईट नाही, हे मलाही कळतं. ह्याच कामावर माझं घर चालतं, अकोल्यालाही आता हेच करतो. पण वर माणसं आणि खाली कोणीच नाही, हे दादाला बघवलं नाही. एवढाच त्याचा गुन्हा.

तो भाग पुन्हा ओतायचा होता. मॅडम म्हणाल्या, ह्यावेळी खालून टेकू देऊ, धोका नको. ठेकेदारानं माझ्याकडे बघितलं. मी दादाच्या घरी गेलो. वहिनीनं बल्ल्यांवरच्या चादरी काढून घेतल्या.

दादाच्या बल्ल्या मी लावल्या, एकेक ठोकून पाहिली आणि मग पट्टीच्या बाहेर येऊन उभा राहिलो. स्लॅब नीट टाकून झाला. जिलेबी आली. टोळीतल्या एकानं सवयीनं एक पुडी बांधून बाजूला ठेवली. मग त्याच्या ध्यानात आलं, आणि तो ती हातात घेऊन माझ्याकडे बघत उभा राहिला.