तिच्याकडे ठेवलेली माझी डबी

बारा जानेवारी. संक्रांतीचे तीळ भाजत होते. तीळ तडतडायला लागले की कढईपासून हलता येत नाही, म्हणून मैत्रिणीची सून दारात आली तेव्हा तिला बसल्या जागेवरूनच आत बोलावलं. तिला मोठी चाळणी हवी होती. ती घेऊन निघाली आणि उंबऱ्यात थांबली.

‘‘मासी, थोडी मिश्री मिळेल? आई रोज सकाळी तुमच्याच डबीतली लावतात. संपत आलीय. त्यांनी नाही पाठवलं हं, मीच म्हटलं, सणाला खूश होतील.’’

पोर बाळंतपणाहून नुकती परतली होती. तिला काहीच माहीत नव्हतं.

आम्ही दोघी खानदेशातून लग्न करून सुरतेच्या बमरोलीत आलो. दोघींचे नवरे कापडाच्या लूम्सवर कामाला. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि ती मिश्री दातांना लावून बसायचं, ही सवयही दोघींनी माहेराहून आणलेली. दिवाळीनंतर दातांच्या डॉक्टरणीने माझ्या गालात आतून पांढरा चट्टा दाखवला. म्हणाली, आजच सोडा. संक्रांतीनंतर या, तोवर कमी झाला नाही तर तुकडा काढून तपासू.

मी घाबरले. मैत्रीण म्हणाली, मीपण सोडते, दोघी मिळून सोडू. आमची चूक तिथेच झाली. स्वतःच्या हातची मिश्री फेकवेना, म्हणून डब्या बदलल्या. माझी तिच्याकडे, तिची माझ्याकडे. रोज सकाळी नळावर एकमेकींना दात दाखवायचे, हा नियम तिनेच काढला.

मला फार जड गेलं. डोकं ठणकायचं, पोट साफ होईना, सगळ्यांवर खेकसायचे. एकदा नळावर हळूच म्हटलं, चिमूटभर दे. तिने सगळ्या बायकांना ऐकू जाईल असा आवाज लावला, ‘‘तुले नातू खेळाडना शे का कॅन्सर पाळना शे?’’ बायका हसल्या. मी खाली मान घालून हंडा उचलला. आणि ही बया तेव्हा माझीच मिश्री लावून, चूळ भरून नळावर येत होती!

‘‘बस,’’ मी सुनेला म्हटलं. ‘‘ताजी करून देते.’’

तांदळात कीड लागू नये म्हणून घातलेला कडुनिंबाचा सुका पाला काढला. तीळ उतरवून त्याच कढईत तो काळा कुळकुळीत होईपर्यंत भाजला, मिक्सरमध्ये फिरवला आणि पुडी बांधली. दिसायला अगदी मिश्री.

‘‘हळूच डबीत घाल. मी दिली म्हणून बोलू नकोस. आयती भरलेली दिसू दे.’’

‘‘मासी, तुम्ही किती चांगल्या!’’

‘‘आहेच मुळी.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिले. ती आली ती तोंडाला पदर लावून.

‘‘दात दाखव.’’

तिने मान हलवली.

‘‘नियम तुझाच आहे.’’

‘‘आज माले बरं नही.’’

‘‘दात आहेत ना जागेवर?’’ एक शेजारीण म्हणाली. बायका जमल्याच होत्या. तिने तोंड उघडलं. दातांच्या फटी काळ्या, जीभही काळी.

‘‘काय लावलंस गं?’’ मी विचारलं.

‘‘कोळसा.’’

‘‘कोळसा इतका कडू असतो?’’

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. तक्रार करायची तर आधी चोरी कबूल करावी लागणार होती. मी हात पुढे केला, ‘‘माझी डबी आण.’’

तिने आणली. मी सगळ्यांसमोर ती गटारात उलटी केली.

मग घरी येऊन तिची डबी काढली. झाकण उघडताच वास आला, तोंडाला पाणी सुटलं. एक बोट पुरलं असतं. पण मिश्री सोडायची ती आता तिच्या नाकावर टिच्चून. तिचीही डबी संडासात रिकामी केली, पाणी टाकलं, राखेने घासली आणि तिला याच डबीत तिळगूळ द्यायचा म्हणून उन्हात पालथी घातली.