जड गोळी आणि आबांच्या शेंगा

खानदेशात माझ्यासारखा नेमबाज झाला नाही, हे मी सांगत नाही, लोक सांगतात. ते लोक कोण, असं मात्र विचारू नये. उडत्या चिमणीच्या चोचीतला दाणा मी पाडलेला आहे, आणि चिमणीने मागे वळून माझ्याकडे रागाने बघितलं होतं, तेही मला चांगलं आठवतं.

तर अशा माणसाने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी जाऊन गप्प बसावं, ही अपेक्षाच चूक. माझं सासर शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. सासरे, म्हणजे आबा, नाल्याकाठच्या शेतात दरवर्षी कपाशी लावत. तिथे भुईमुगाच्या शेंगा भरघोस येतील हे गावाला माहीत होतं, आणि रानडुकरांनाही. म्हणून कोणी लावत नसे. आंगणात पोरींचे झोके चालले होते, माझ्या ताटातल्या मांड्यावर तूप ओतलं जात होतं, आणि त्या तुपाच्या भरात मी बोलून गेलो, "आबा, शेंगा लावा. डुकरांचं माझ्याकडे लागलं."

आबा कमी बोलणारे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कोपऱ्यातल्या माझ्या रायफलीकडे बघितलं, आणि पेरणी आली तशी अख्ख्या शेतात शेंगा टाकल्या. कपाशीचं एक रोपही नाही. म्हणजे त्या वर्षीचं त्यांचं सगळं पीक माझ्या जिभेवर उभं राहिलं.

शेंगा भरल्या तसा जळगावला डुकरं आल्याचा निरोप आला : "डुकरं ऊनात. जवाईले धाडा."

मी तिथे जिनिंगच्या इंजिनावर होतो. रजा मिळाली, काडतुसं मिळेनात. लढाईचे दिवस. मी नेहमी वापरायचो ती हलक्या, टोकदार गोळीची काडतुसं बाजारातून नाहीशी झाली होती. दुकानदाराने कपाटाच्या तळातून दुसरी काढली. गोळी जाड, बोथट, तळहातावर घेतली की जाणवणारी.

"नळीत बसेल?" मी विचारलं.

"नळी तीच. गोळी तेवढी जड आहे," तो म्हणाला. "उलट डुक्कर जास्त लोळेल."

मूठभर मिळाली. तेवढ्यावर मी शिरपूरच्या मोटारीत बसलो, आणि उतरेपर्यंत शेजारच्या उतारूंना निदान तीसेक डुकरं मारून दाखवली.

शेतात आबांनी माळा बांधला होता. माळ्यापासून नाल्याचा काठ, गोफणीचा दगड जरा दमून पोचेल एवढ्या अंतरावर. उन्हं कलली तशी डुकरं काठ चढून आली. पुढचा एक्का, म्हणजे कळपातला थोराड नर, केवढा म्हणाल, तर आमच्या जिनिंगचा बॉयलर चार पायांवर निघाला आहे असं वाटावं. दात असे, की त्यावर बाईने ओलं लुगडं वाळत घालावं. तो वाकून शेंगा उपटायला लागला. मी माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, त्याच्या खांद्यावर धरली आणि घोडा ओढला.

आवाज झाला. धूर झाला. डुकरं गेली. एक्काही गेला, पण न घाबरता, पाव्हण्याने चहा नको म्हणून उठावं तसा.

माळ्याखाली माझा शालक उभा होता. तो शांतपणे काठापर्यंत जाऊन आला. "पाव्हना," तो म्हणाला, "डुकर कोठे शे?"

घरी मेहुणी दारातच होती. "आवाज मस्त व्हयना हां, पाव्हना! आमनी म्हैस आटी गयी."

त्या रात्री तरी ताटात मांडे होते. जेवताना सगळ्या घराने मिळून गोळी कुठे गेली ते ठरवलं. आबांनी निवाडा दिला, "जड दगड लवकर खाले पडस. वर धरा." गोळी डुकराच्या पोटाखालून गेली, यावर सगळ्यांचं एकमत झालं. माझंही झालं. जड गोष्ट खाली पडते, यात शंका घ्यायला मी काय वेडा?

दुसऱ्या दिवशी तेच डुक्कर, तीच वेळ. शेताचा आणखी एक तुकडा नांगरल्यासारखा उलटलेला. मी माशी चांगली वर, त्याच्या पाठीच्या राठ केसांवर धरली. घोडा ओढला, आणि पलीकडच्या काठावरच्या पळसाची फांदी खाली आली. गोळी तिथेही थांबली नसावी. पुढे सातपुडा ओलांडून ती इंदूर संस्थानात उतरली आणि तिथल्या नाकेदाराने तिच्यावर जकात लावली, असं मी नंतर ऐकलं.

त्या रात्री ताटात कळण्याची भाकरी आणि ठेचा. सासूबाई वाढून आत गेल्या. ठेचाच बोलत होता. माजघरातून बायकोचा आवाज मात्र आला. बोलणं मेहुणीशी, पण ऐकायचं मी : "काही लोकांचा नेम फक्त ताटावर बरोबर बसतो."

झोप कसली येते! शेतात अजून तीन हिस्से शेंगा उभ्या होत्या. डुकरांचा जोर पाहता आठवड्यात मातीच राहिली असती. बरं, त्या पळसाचं कोडं सुटेना. मी धरलं होतं पाठीवर, आणि फांदी तुटली ती कितीतरी वर. जड गोळी खाली पडायची, तर ही वर का चढली?

सकाळी आबांना म्हणालो, "काडतुसं थोडीच राहिली आहेत. आज जपून मारतो."

आबा दात घासत होते. चूळ भरून म्हणाले, "डुकर पळी जास. सूप पळत नही. पयले सुपले मारा."

सुपाला! लढाईच्या दिवसांत सोन्यासारखी काडतुसं सुपावर उधळायची! पण मला दुसरं सुचत नव्हतं, आणि आबांच्या शेतात आबांचा हुकूम. शालकाने एक फुटकं सूप आणलं, मधोमध चुन्याचा रुपयाएवढा ठिपका दिला आणि काठाला टेकवून ठेवलं. बघायला अर्धं गाव. मेहुणी म्हणाली, "सूप बांधी ठेवा रे, भ्याईसन पळी जाई!"

मी माळ्यावर पालथा पडलो, पोत्यावर रायफल टेकवली, माशी ठिपक्याच्या मधोमध धरली आणि तीन गोळ्या मारल्या. तिन्ही वेळा तिथेच धरलं, श्वाससुद्धा तसाच सोडला.

ठिपका कोरा. पण त्याच्या वर, बरोबर एक वीत वर, तीन भोकं, लहान पोराच्या मुठीने झाकली जातील अशी एकमेकांना चिकटून.

गाव हसलं. मी मात्र सूप उराशी धरून नाचायचा बाकी होतो. रायफल बिघडली असती तर भोकं चार दिशांना गेली असती. ही तर गुण्यागोविंदाने एका जागी बसलेली! फक्त जागा बदललेली. हलक्या गोळीला ठिपक्याचं घर, जडीला वीतभर वरचा माळा.

असं का, ते मी तिथेच सगळ्यांना समजावून दिलं. बार उडाला की गोळी बाहेर पडायच्या आधीच धक्क्याने नळीचं तोंड वर उचलायला लागतं. हलकी गोळी चपळ. तोंड उचलायच्या आत पसार होते. जड गोळी म्हणजे जेवलेला व्याही, उंबरठ्यावर रेंगाळणारी. ती बाहेर पडते तोवर तोंड आणखी वर गेलेलं असतं. कोस-दीड कोस जायचं असतं तर ती खाली आली असती, आबांचं तिथे खरं. पण काठापर्यंत पडायला तिला सवड कुठे होती?

"मंग?" आबा म्हणाले.

"मग वीतभर खाली धरायचं."

संध्याकाळी एक्का आला. मी माशी त्याच्या पुढच्या पायाच्या ढोपराजवळ धरली. पुन्हा पुन्हा हात वर जाऊ बघत होता. जन्माची सवय, जड म्हणजे खाली. शालकाने खालून हळूच म्हटलं, "पाव्हना, तो पाय शे!" मी दात आवळले आणि घोडा ओढला.

डुक्कर जागच्या जागी बसलं आणि मग आडवं झालं. ते पडलं तेव्हा धरणी अशी हादरली, की सोनगीरच्या किल्ल्याचे दोन दगड निखळले म्हणतात. मी स्वतः एकच पाहिला. बाकीची डुकरं नाल्यात उतरली ती परत आली नाहीत. पाड्यावरच्या भिल्लांनी एक्क्याला वाजतगाजत नेलं.

मी शेंगा उपटून होईपर्यंत राहिलो. ढीग लागला तेव्हा आबा त्यावर हात फिरवत बसले होते आणि मी शेजारी ओल्या शेंगा फोडून खात होतो. तेवढ्यात नाल्यापलीकडचा शेतकरी आला. आमच्याकडची डुकरं आता त्याच्या ज्वारीत शिरली होती.

"आबा, तुमना जवाईले दोन दिन आमना शेतमा धाडा."

आबांनी मान वर केली नाही. "जवाई मना शे," ते म्हणाले, "गावना नही. तू तुना जवाईले रायफल लई दे."

तो हिरमुसून वळला. आबांनी त्याला दहा पावलं जाऊ दिलं आणि मग हाक मारली, "ओ भाऊ! सकाय ये नि लई जा. आज जवाईले शेंगा खाऊ दे."