नाकाऐवजी कान

मोठीमाय कुणालाच नाही म्हणत नसे. घरातल्या कुणी काही सांगितलं की ती "हाव" म्हणायची आणि कामाला लागायची. काही दिवसांनी लक्षात यायचं, की सांगितलेलं झालेलं नाही, दुसरंच काहीतरी झालंय, आणि आता ते बदलण्यात अर्थ राहिलेला नाही. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. बऱ्हाणपूरजवळ तापीकाठी आमची केळीची शेती, दोघा भावांचं एकत्र घर, आणि त्या घरात शब्द चालायचा तो मोठ्या बाबांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. माझे वडील मान डोलवायचे. आई तेवढंही करत नसे.

एकदा मोठ्या बाबांनी म्हैस विकायला काढली. मोठीमाय "हाव" म्हणाली. आमच्या म्हशीला डाव्या बाजूनं धारेला बसलेलं खपत नसे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गिऱ्हाईक आलं की मोठीमाय स्वतः धार काढून दाखवायला पुढे व्हायची आणि नेमकी डाव्या बाजूनं बसायची. म्हैस लाथ मारायची, चरवी उडायची, गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जायचं. ती म्हैस म्हातारी होऊन आमच्याच गोठ्यात मेली.

तिच्या प्रत्येक साडीवर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग असत. हा डाग कशानंही निघत नाही. इतर बायका शेतात जाताना जुनी साडी नेसायच्या. मोठीमाय नवी साडी आली की पहिल्याच दिवशी ती नेसून घड उचलायला जायची. मी कारण विचारलं तर म्हणाली, "एकदा डाग पडला का मंग जपावं लागत नाई."

मी सतरा वर्षांची होते, बारावीला होते. रावेरच्या एका घरून मला मागणी आली. मुलगा कसा होता ते मला आजही माहीत नाही, कारण मी त्याला कधी पाहिलंच नाही. त्यांची केळी होती, ट्रक होता, आणि सून नथ घालणारी हवी होती. माझं नाक टोचलेलं नव्हतं. लहानपणी मी सारखी आजारी असायचे, त्यात ते राहून गेलं होतं. मोठ्या बाबांनी मोठीमायला सांगितलं, हिला बऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या बाजारात सोनाराकडे ने, नाक टोचून आण, महिन्याभरात ते लोक बघायला येतील. मोठीमाय "हाव" म्हणाली. मला कुणी विचारलं नव्हतं.

बसमध्ये तिनं मला विचारलं, की वर्गातल्या एका मुलीसारखी कानाला वरच्या बाजूला बाळी पाहिजे म्हणून मी मागे रडले होते, ते अजून मनात आहे का. आहे, मी म्हणाले. त्या वेळी मोठ्या बाबांनी ही असली थेरं आपल्या घरात नकोत म्हणून मला गप्प केलं होतं. मोठीमाय खिडकीबाहेर बघत बसली.

सोनारानं नाकासाठी तार काढून ठेवली होती. मोठीमायनं माझे केस मागे सारले आणि कानाच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. इथं टोच, म्हणाली. सोनार चांगला माणूस होता, त्यानं समजावलं.

"काकी, ऊपर मत कराओ. हड्डी है, पकेगा. नाक तो महीने में भर जाती है, ये साल साल नहीं भरता."

"किती?" मोठीमायनं विचारलं.

"साल भर पकड़ लो."

"हाव," ती म्हणाली. "हेच कर."

मिरवायची हौस पुरी झाली म्हणून मी खूश होते. तार आत जाताना करकर असा आवाज झाला, तो कानातच असल्यामुळे फार मोठा ऐकू आला. नंतर आम्ही मावा जिलबी खाल्ली. घरी मोठे बाबा खूप बोलले. मोठीमायनं ऐकून घेतलं, पोरीचं मन होतं म्हणाली, नाकाचं पुढच्या खेपेला बघू म्हणाली, आणि पीठ मळायला बसली.

कान पिकला. आठवड्याभरात तो भज्यासारखा सुजला, मला ताप भरला, उशीला डोकं लावता येईना. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज संध्याकाळी मोठीमाय मला परसात बसवून कडुनिंबाच्या पाण्यानं कान धुवायची. रावेरकरांचा दुसऱ्यांदा निरोप आला तेव्हा ती मोठ्या बाबांना म्हणाली, अशी पू वाहणारी पोर दाखवता का त्यांना? मोठ्या बाबांनी दिवस पुढे ढकलला.

त्याच संध्याकाळी परसात मी रडून तिला सांगितलं, की ही बाळी काढून टाक, मला सहन होत नाही. तिनं बाळीला हात लावला आणि थांबली.

"काढते. काढली का सूज उतरते, महिन्यात भरते. मंग नाक टोचतीन अन् रावेरचे येतीन. सांग, काढू?"

मला तोवर काहीच समजलेलं नव्हतं. म्हशीचं मी स्वतः पाहिलं होतं, पण आपल्यासाठीही कुणी डाव्या बाजूनं बसेल असं डोक्यात आलं नव्हतं. त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारत होतं आणि उत्तराची वाट बघत होतं. कान ठणकत होता.

"राहू दे," मी म्हणाले.

"मंग रडू नको," ती म्हणाली, आणि कान धुवायला लागली.

रावेरच्या लोकांनी दोन-तीनदा निरोप पाठवला आणि मग दुसरीकडे जमवलं. मी बारावी झाले. जळगावला औषधनिर्माणाच्या पदविकेला नंबर लागला, तेव्हा मोठ्या बाबांकडे नाही म्हणायला दुसरं स्थळ तयार नव्हतं. कान बरा व्हायला वर्षाहून जास्त लागलं. त्याची वरची कड जाड आणि वाकडी झाली आहे, तिथे बोट लावलेलं कळत नाही. आज माझं बऱ्हाणपुरात औषधांचं दुकान आहे. कान टोचून सुजलेल्या मुली मलम मागायला येतात. मी त्यांना आधी डॉक्टरकडे पाठवते. माझ्या बाबतीत जे झालं ते चांगलं झालं, पण उपाय म्हणून ते मी कुणाला सांगणार नाही.

मोठीमाय गेल्या हिवाळ्यात आजारपणात गेली. फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती. मी समोरच्या माणसाला गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावून सांगितलं, मग शटर ओढलं. घरी बायका रडत होत्या. मी चहा टाकला, सतरंज्या घातल्या, इंदूरहून येणाऱ्यांना रस्ता सांगितला. मला रडू आलं नाही. तेव्हाही नाही, दहाव्यालाही नाही. काही वाटतंय का म्हणून मी स्वतःकडे बघत होते, तर फक्त ऐकू कमी येत असल्यासारखं होतं. अजूनही बरंचसं तसंच आहे.

त्या दिवसांत तिचं आजारपण मला आठवलं नाही. आठवला तो बसस्टँड. मी जळगावला निघाले तेव्हा आई दारातूनच आत वळली. ट्रंक घेऊन मोठीमाय आली. खिडकीपाशी उभी राहिली. पोहोचल्यावर पत्र टाक, नीट खा, असलं काही ती बोलली नाही. बस सुरू झाल्यावर तिनं खिडकीच्या गजाला धरलं.

"दिवाळीला लोक घरी येतात," ती म्हणाली. "तू येऊ नको. हे लोक तुले स्थळ बघायलेच बसेल राह्यतीन. शिकून झालं का ये."

मी दिवाळीला गेले नाही. पुढच्या दिवाळीलाही नाही. वसतिगृहात स्वयंपाकीण आणि मी, दोघीच असायचो.