सही येते कुणाला?

तालुक्याहून साहेब आले आणि मुलांना बचत शिकवा म्हणून सांगून गेले. मी आचऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीत मास्तर होतो. पत्र्याची पेटी आणली, किल्ली जानव्याला बांधली. पेटी कधीच भरली नाही, किस्से मात्र अजून संपत नाहीत.

पहिल्याच महिन्यात भिकूचे वडील विडीकाडीसाठी लेकाचे पैसे मागायला आले. मला रागच आला. त्याच दिवशी नियम केला, मुलाची स्वतःची सही असल्याशिवाय एक आणाही बाहेर निघणार नाही. दुसऱ्या दिवशी भिकू सही घेऊन आला, पण पाटीवर! मी ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि त्याला पाढे म्हणायला बसवलं. वडील पुन्हा आले नाहीत.

या नियमामुळे आख्खी शाळा सही शिकली. सगळ्यांत आधी शालू. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. तिने हौसेने शाळेच्या भिंतीवर कोळशाने सात सह्या केल्या. तिच्याकडूनच त्या धुऊन घेतल्या.

म्हाळू एकदा आण्याऐवजी चार बांगडे घेऊन आला. वडिलांना त्या आठवड्यात रोख पैसे मिळाले नव्हते. पेटीत मासे ठेवत नाहीत, असं मी त्याला समजावलं. तो शांतपणे म्हणाला, "मग खारवून ठेवा. पावसात चांगलो दर येतलो."

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, बचत त्यालाच शिकवायला सांगा.

शिमग्याला मुलं रस्त्यात दोरी धरून शबय मागतात, पैसे दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. मी एक आणा दिला. सोमवारी तोच आणा पेटीत जमा झाला आणि मी वर्गात तोंड भरून कौतुक केलं. पुढच्या शिमग्याला पोस्टापर्यंत जाताना मला चार ठिकाणी दोरी आडवी आली. बाकी कुणाला अडवतच नव्हते!

शालूचे वडील मुंबईला गिरणीत होते. एका चतुर्थीला भाड्याचे पैसे नाहीत म्हणून ते आलेच नाहीत. तेव्हापासून शालू बाबांच्या तिकिटासाठी साठवत होती. मामाने खाऊला दिलेले पैसेही तिने पेटीत टाकले. दोन वर्षांत साडेचार रुपये झाले.

त्या वर्षी वडील आपल्याच पैशांनी आले. गणपती झाले, गौरी गेल्या. मग एक दिवस ते शालूचा हात धरून शाळेत आले. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. ते अवघडून दाराशीच उभे राहिले.

"मास्तरांनू, परतीक चार रुपये कमी पडतत. चेडवाचे आसत ते दिलात तर बरां होईत."

मुलीचे पैसे मागताना त्यांची मान वर होत नव्हती. मलाही वाईट वाटलं. पण नियम माझाच होता. मी कागद पुढे केला, टाक शाईत बुडवून शालूच्या हातात दिला.

तिने कागदाकडे पाहिलं. मग टाक दौतीत ठेवून तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"माका सही येणा नाय."