टायची मोठी गाठ

आमच्या ऑफिसात माणसाची लायकी टायच्या गाठीवरून ठरायची. कोथरूडमधलं फ्लॅट विकायचं ऑफिस ते. नव्या सेल्सवाल्याची गाठ बारीक, एका बाजूला कललेली. वॉचमनचा टाय इलॅस्टिकचा, तयार गाठीचा. आणि जाडजूड, तिकोनी, दोन्ही बाजूंनी सारखी गाठ फक्त साहेबाची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती.

मी सेल्समध्ये होतो आणि गेटवर माझे वडील वॉचमन होते. त्यांनीच विनवण्या करून मला तिथे चिकटवलं होतं. घर चालायचं ते त्यांच्याच पगारावर.

एकदा एका गिऱ्हाइकाने माझ्या बारक्या गाठीकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली अंगावर फेकली. "पार्क कर रे." डोक्यात तिडीकच गेली माझ्या! आरशासमोर मोबाईल ठेवून, व्हिडिओ बघत, तीन दिवस मी ती मोठी गाठ घोटली.

चौथ्या दिवशी ती बांधून गेलो. ऑफिसात गिऱ्हाइकं बसलेली. साहेब म्हणाला, "अरे वा! आपण मालक कधी झालात? पेढे नाही दिलेत!" सगळे हसले. मीही हसलो, मूर्खासारखा. मग त्याने टायचं टोक धरलं आणि खसकन ओढलं. "वॉचमनच्या पोरानं वॉचमनच्या पोरासारखं राहावं." गाठ घशात रुतली. मला श्वास येईना. तो सोडेना.

मी बुक्की मारली. त्याचं नाक फुटलं. दुसरी मारली तसा तो टेबलावर आपटला, बायका किंचाळल्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. तिसरीला हात उचलला तोच तो ओरडला, "वॉचमन! काढ याला बाहेर, नाहीतर तूही घरी बस!"

वडील धावत आले आणि त्यांनी मलाच हाणलं. कानाखाली, पाठीत, मिळेल तिथे. माझा ओठ फाटला. कॉलर धरून त्यांनी मला फरफटत गेटबाहेर काढलं. मी पिसाळलो, त्यांच्यावरही हात उगारला. साहेब नाकाला रुमाल लावून काचेतून बघत होता.

वडील मागे सरले नाहीत. हळूच म्हणाले, "हान. त्याला दिसंल असं हान. न्हाईतर म्हणंल, बापलेक आतून एकच हायत."

मी उगारलेला हात खाली घेतला.

"हान की रं. पाया पडतो तुझ्या."

मी बापाच्या तोंडात मारली.